‘संग-ए-माह’ पाहताना

‘संग-ए-माह’ संपली, पण आमच्या घरातला तिच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. जेवताना कुणी हाजी मरजान खानाचं नाव काढलं की ताटातला भात थंड होईपर्यंत बोलणं चालतं. या वादातूनच आमच्या घरात एक गोष्ट घडली. ती लिहावी की नाही, यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. शेवटी मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, “लिहा, पण माझं नाव नको.” म्हणून नाव कुणाचंच घालत नाही. ‘आम्ही’ म्हणजे तिचे अम्मी आणि अब्बा, एवढं वाचकांनी समजून घ्यावं.

२०२१च्या जुलैत चिपळुणात महापूर आला, त्यात आमचा जुना टीव्ही गेला. नवा घेतला तो इंटरनेटवर चालणारा. त्याआधी पाकिस्तानी मालिकांबद्दल आम्ही फक्त ऐकून होतो. जानेवारीत मुलीने ‘संग-ए-माह’ लावून दिली आणि घरादाराला तिचा नाद लागला. रविवारी रात्री नवा भाग यायचा. आम्ही तो सोमवारी इशाच्या नमाजनंतर बघायचो. शेजारच्या घरातून चाचा आणि चाची यायचे. दादी पुढच्या खुर्चीवर, कारण तिला कमी ऐकू येतं. खेडहून फुफी आलेली असली तर तीही. थोरला मुलगा दुबईत असतो, तो तिकडे बघायचा आणि मंगळवारी फोनवर आपलं मत सांगायचा. रमजानमध्ये बघायचं नाही असं ठरलं होतं, तेव्हा महिनाभराचे भाग ईदनंतर एकदम बघितले.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही मालिका पाकिस्तानच्या हम टीव्हीवर ९ जानेवारी २०२२ला सुरू झाली. लेखक मुस्तफा आफ्रिदी आणि दिग्दर्शक सैफी हसन. याच दोघांची ‘संग-ए-मरमर’ नावाची मालिका २०१६मध्ये आली होती, तीही पठाणांच्या डोंगरी भागातलीच. ‘संग-ए-माह’चं गाव डोंगरात आहे. शहर लांब, पोलीस लांब, आणि कायदा म्हणजे जिरगा आणि जुना रिवाज. हाजी मरजान खान हा तिथला वजनदार माणूस. हे काम नोमान एजाज यांनी केलं आहे. त्याची बायको जरसांगा म्हणजे सामिया मुमताज. तिच्या पहिल्या नवऱ्याचा मुलगा हिलमंद, हे काम गायक आतिफ अस्लमने केलं आहे. टीव्ही मालिकेतलं त्याचं हे पहिलंच काम. आपल्या बापाचा खून सावत्र बापानेच केला, असं हिलमंदच्या मनाने घेतलेलं आहे. धाकटा मुलगा हिकमत म्हणजे जावियार, जो खऱ्या आयुष्यातही नोमान एजाज यांचाच मुलगा. हा हिकमत जरघुनाच्या घरात वाढलेल्या गुलमीनावर ‘घग’ करतो आणि तिथून सगळा गुंता सुरू होतो. पुढचं सांगत नाही. ज्यांना बघायची आहे त्यांची मजा जाईल.

घग म्हणजे काय, हे आम्हालाही मालिकेमुळेच कळलं. पश्तो भाषेत घग म्हणजे आवाज, पुकारा. एखाद्या पुरुषाला एखादी मुलगी हवी असली, तर तो तिच्या घरासमोर जाऊन हवेत गोळ्या झाडतो किंवा चारचौघांत जाहीर करतो की ही मुलगी आता माझी. त्या दिवसापासून दुसरा कुणी त्या मुलीला मागणी घालत नाही. घातली तर दुश्मनी. मुलीच्या बापाने नकार दिला तरी तो पुकारा मागे घेतला जात नाही. मुलगी त्या माणसाशी लग्न करते, नाहीतर बापाच्या घरी बसून म्हातारी होते.

आता आमच्या घरातली मतं सांगतो, कारण एकाच टीव्हीसमोर बसून प्रत्येकाने वेगळीच मालिका पाहिली असं वाटावं, इतकी ती वेगळी होती.

दादीचं सगळं लक्ष जरसांगावर. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला मुलगा, आणि मुलगा नवऱ्याच्या जिवावर उठलेला. दादी म्हणायची, “ही बाई बोलत नाही, पण तिच्या पोटात काय चाललंय ते मला इथे बसून कळतंय.” घरातली भांडणं दादीने आयुष्यभर दोन्ही बाजूंनी ऐकली आहेत, त्यामुळे तिचं मत आम्ही खोडून काढत नाही. मालिकेत मस्तान सिंग नावाचं एक शीख पात्र आहे, तेही दादीला फार आवडलं. पठाणांत सरदारजी कुठून आला, असं तिने विचारलं. तेव्हा मुलाने फोनवर सांगितलं की पेशावर, स्वात, बुनेर या भागांत पिढ्यानपिढ्या राहणारी शीख कुटुंबं आहेत आणि ती पश्तोच बोलतात. “म्हणजे आपल्यासारखंच की,” दादी म्हणाली. “आपण नाही का कोकणी बोलत?”

चाचींना मालिका आवडली ती कपड्यांसाठी, डोंगरांसाठी आणि हानिया आमिरसाठी. त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं. मुलीने सांगितलं की गोष्टीचा सांगाडा शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा आहे. बाप मेलेला, आईने दुसरं लग्न केलेलं, मुलगा सूडासाठी तडफडतोय. हे ऐकून चाचा म्हणाले, “मग गोऱ्यांच्या राजवाड्यातली गोष्ट उचलून पठाणांच्या माथी का मारली?”

चाचांचा राग मात्र खरा होता. त्यांचं म्हणणं असं की हातात तस्बीह, नावापुढे हाजी आणि बाजूला बंदूक, असा मुसलमान आणखी किती वेळा दाखवणार? आपल्याकडच्या सिनेमात तर आपण हेच बघतो. बाहेरच्यांनी दाखवलं की आपण तक्रार करतो, मग आपल्याच लोकांनी दाखवलं की टाळ्या का वाजवायच्या? उद्या आपली मुलं कॉलेजात जातील तेव्हा कुणी विचारेल, तुमच्यात बंदूक उडवून मुलगी घेऊन जातात ना? त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. नोकरीच्या ठिकाणी असे प्रश्न आम्हीही हसून टाळलेले आहेत.

मुलाने यावर वेगळी बाजू सांगितली. दुबईत त्याच्या खोलीत मर्दानकडचा एक पठाण राहतो. त्याने काही भाग सोबत बसून पाहिले. त्याचं पहिलं म्हणणं असं की ही माणसं पठाण नाहीत, पठाणांचे कपडे घातलेले लाहोर-कराचीचे लोक आहेत, आणि त्यांची तोडकी उर्दू ऐकून त्याला हसू येतं. दुसरं म्हणणं असं की टीव्हीवाल्यांना पठाण आठवतो तो बंदुकीसाठीच. दाराशी आलेल्या परक्याला आधी जेवायला घालायचं, याला ते मेलमस्तिया म्हणतात. दुश्मन जरी दारात येऊन माफी मागू लागला तरी त्याला पनाह द्यायची, याला ननवाते म्हणतात. हेही त्याच पश्तूनवलीचे नियम आहेत. ते सोडून बदला तेवढा दाखवतात. पण घग खोटा आहे का, असं मुलाने विचारलं. तेव्हा तो गप्प झाला आणि मग म्हणाला की त्याने स्वतः कधी पाहिला नाही, पण त्याच्या आजीच्या गावात एक बाई होती, तिचे केस पांढरे झाले तरी लग्न झालं नव्हतं. लहानपणी त्याने कारण विचारलं, तेव्हा आजीने त्याला दटावून गप्प बसवलं होतं.

आम्ही दोघांनी चाचांना एवढंच म्हटलं की ही मालिका आपल्याला किंवा आपल्या शेजाऱ्यांना दाखवायला कुणी काढलेली नाही. लिहिणारा आफ्रिदी म्हणजे स्वतः पठाण नावाचा माणूस, आणि बघणारे त्यांचेच लोक. घरातला माणूस घरातल्यांना सांगतोय की आपल्यात हे चुकतंय. बाहेरच्याने बोट दाखवणं वेगळं आणि घरातल्याने बोलणं वेगळं. चाचांना ते पूर्ण पटलं नाही. पण ते पुढच्या सोमवारीही आले.

आमचं स्वतःचं मत त्या वेळी अगदी पक्कं होतं. हा सगळा जाहिलपणा आहे, याचा इस्लामशी काही संबंध नाही. हे आम्ही टीव्हीसमोर बसून दर सोमवारी म्हणायचो आणि ते खोटंही नव्हतं. निकाहात मुलीची मर्जी विचारली जाते ती उगीच नाही. खनसा (रजि.) नावाच्या अन्सारी बाईचं लग्न तिच्या वडिलांनी तिच्या मनाविरुद्ध लावलं होतं. ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेली आणि त्यांनी तो निकाह रद्द केला. हे बुखारी शरीफमध्ये आहे.

रमजानमध्ये मोहल्ल्यातल्या आलिमा बाईंनी बायकांसमोर बरीरा (रजि.) यांचा किस्सा सांगितला होता, तो तर घगवरच आहे असं वाटलं. बरीरा गुलाम होत्या, हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांना आझाद केलं. आझाद झाल्यावर त्यांना हक्क मिळाला की गुलामीत असलेल्या नवऱ्यासोबत राहायचं की नाही हे त्यांनी ठरवावं. त्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं. नवऱ्याचं नाव मुगीस. त्याचं त्यांच्यावर इतकं प्रेम होतं की तो मदिनेच्या गल्ल्यांतून त्यांच्या मागे रडत फिरायचा, आसवं दाढीवरून ओघळायची. सगळं गाव बघत होतं. प्रेषितांना (स.) त्याची दया आली. त्यांनी बरीरांना सुचवलं की तू परत गेलीस तर बरं. बरीरांनी विचारलं, हा आपला हुकूम आहे का? त्यांनी सांगितलं, नाही, मी फक्त शिफारस करतोय. तेव्हा बरीरा म्हणाल्या की मग मला त्याची गरज नाही. आणि विषय तिथेच संपला. एवढ्या मोठ्या हस्तीची शिफारस एका आझाद झालेल्या गुलाम बाईने नाकारली आणि कुणी तिला बेअदब म्हटलं नाही. मुगीसचं प्रेम खरं होतं. पण तेवढ्यावर तिच्यावर त्याचा हक्क ठरला नाही.

हा किस्सा आम्ही ईदनंतर घरात सगळ्यांना सांगितला. हिकमतचंही गुलमीनावर प्रेम आहे, म्हणून काय झालं, असं म्हणत आम्ही बरंच काही बोललो. फुफीही त्या दिवशी होती. तिने मान डोलावली. “बरोबर आहे. जोरजबरदस्तीत बरकत नसते,” असं ती म्हणाली.

मुलगी काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिने आम्हाला एक कागद वाचून दाखवला. खैबर पख्तुनख्वा प्रांताच्या विधानसभेने २०१३मध्ये घगविरुद्ध कायदा केला, त्याची माहिती तिने काढली होती. या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद सांगितली आहे. कबायली इलाक्यात तेव्हा हा कायदा लागूच नव्हता, तिथे इंग्रजांनी १९०१मध्ये केलेले नियम चालत होते. २०१८मध्ये तो इलाका प्रांतात सामील झाला, तेव्हा कुठे तिथे इतर कायद्यांची वाट मोकळी झाली. इथवर आम्ही कौतुकाने ऐकत होतो.

मग ती म्हणाली, “अब्बा, यात घग म्हणजे काय ते लिहिलंय. बंदूक पाहिजे असं नाही. बोलून, लिहून, खुणेने, आडून सुचवून, कसंही जाहीर केलं की ही मुलगी अमक्याची आहे, दुसऱ्याने मागणी घालू नये, तरी तो घगच. आणि पुकारा करणाऱ्याने स्वतःसाठीच करायला हवा असंही नाही. दुसऱ्या कुणासाठी केला तरी चालतो.” थोडं थांबून ती म्हणाली, “माझ्यावर कधी झाला, सांगू?”

आम्हाला सांगायची गरज नव्हती.

ती जन्मली तेव्हा फुफी दवाखान्यात आली होती. तिचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. बाळाला हातात घेऊन फुफी म्हणाली होती, “ही माझी सून.” सगळे हसले. दादीने अकीक्याच्या दिवशी तेच पुन्हा सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं. आम्हीही हसलो, आम्हालाही बरं वाटलं होतं. त्यानंतर कुणी ते पुन्हा ठरवलं नाही आणि कुणी मोडलंही नाही. लग्नात बायका तिला चिडवायच्या. ईदला फुफीकडून येणारा तिचा जोडा इतर भाच्यांपेक्षा भारी असायचा. ती बारावीला असताना आणि पुढे फार्मसीला गेल्यावर चांगल्या घरांतून दोनदा विचारणा झाली होती, हे आम्हाला नंतर कळलं. दोन्ही वेळा आमच्यापर्यंत यायच्या आधीच कुणीतरी सांगितलं होतं की ती तर दिलेली आहे. मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. विचारलं नव्हतं ते फक्त तिला.

कायद्याच्या भाषेत हा घग नाही, हेही तिनेच सांगितलं. कायद्यात धमकीची गोष्ट आहे, आपल्याकडे कुणी कुणाला धमकी दिली नाही. फुफीने तर प्रेमच केलं. पण ती म्हणाली, “धमकी नव्हती, पण मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत होतं. दादी जेवली नसती. फुफीने येणं सोडलं असतं. मग मी काय म्हणणार?”

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. सहा महिने आम्ही डोंगरातल्या माणसांना नावं ठेवत होतो, आणि ती शेजारी बसून ऐकत होती. आम्ही एकमेकांना सांगून पाहिलं की आपल्याकडचं वेगळं आहे. मुलगा चांगला आहे, कुवेतला नोकरी करतो, नमाजी आहे, घर माहितीतलं आहे. हे सगळं खरंच आहे. पण मरजान खानाच्या गावातही सगळे असंच म्हणत असतील, की आमचं वेगळं आहे. रिवाजाच्या आत राहणाऱ्याला तो रिवाज वाटत नाही, नेहमीचं आयुष्य वाटतं. बाहेरच्याला गोळीचा आवाज ऐकू येतो, घरच्यांना येत नाही.

सकाळी आम्ही तिला विचारलं, “बेटा, तुझी मर्जी काय?” वीस वर्षांत पहिल्यांदा.

ती लगेच उत्तर देईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “मी नाही म्हणत नाहीये. हो पण म्हणत नाहीये. आधी सगळ्यांनी समजून घ्या की मी मोकळी आहे. मग मी विचार करून सांगेन.”

सगळ्यांनी म्हणजे फुफीने. हे अवघड काम होतं. अब्बांचे वडील लवकर गेले. फुफी थोरली. तिने स्वतःची शाळा सोडून भावाच्या फीसाठी शिवणकाम केलं. तिला जाऊन काय सांगायचं, की तुझा शब्द आम्ही मानत नाही? आम्ही खेडला गेलो. चहा झाला, आंबे झाले. मग आम्ही सरळ सांगितलं की मुलीचं अजून काही ठरलेलं नाही असं सगळ्यांनी धरून चालावं आणि यापुढे कुणी तिला कुणाची सून म्हणू नये. रिश्ता हवा असेल तर तिच्या वयाच्या कुठल्याही मुलीला मागतात तसं मागावं, ती विचार करेल.

फुफी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “माझ्या शब्दाची एवढीच किंमत? मोहल्ल्यात मी काय तोंड दाखवू?” आम्हाला मालिकेतली माणसं आठवली. तिथेही प्रत्येकजण इज्जतीचंच बोलतो आणि त्या इज्जतीच्या खाली एक मुलगी दबलेली असते. पण समोर हाजी मरजान खान नव्हता. ज्या बहिणीने शिकवून मोठं केलं ती रडत होती, आणि तिला रडवलं होतं आम्हीच. “त्या दिवशी टीव्ही बघताना तूच म्हणालीस, जोरजबरदस्तीत बरकत नसते,” असं आमच्या तोंडावर आलं होतं. ते बोललो नाही, ते बरं झालं. डोंगरातल्या लोकांना दिलेलं बोल बहिणीच्या तोंडावर फेकून काय मिळणार होतं?

दादीने आमच्याशी चार दिवस बोलणं टाकलं. चाचा मात्र अनपेक्षितपणे आमच्या बाजूने उभे राहिले. “मी म्हणत होतो ना, आपल्याला बदनाम करतात,” ते म्हणाले. “मग आपण तरी त्यांना कारण का द्यायचं?” त्यांचं मालिकेबद्दलचं मत बदललेलं नाही. त्याच मतातून ते इथपर्यंत आले, याचं आम्हाला नवल वाटलं.

दादीची समजूत कुणी काढली, तर त्या आलिमा बाईंनी. दादीच त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेली होती की पोरगी घराचा शब्द मोडते. त्यांनी दादीला हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडे आलेल्या एका मुलीची हकीकत सांगितली, नसाईच्या हदीससंग्रहात ती आहे. त्या मुलीच्या बापाने तिला न विचारता तिचं लग्न आपल्या भावाच्या मुलाशी लावलं होतं, घराची प्रतिष्ठा वाढावी म्हणून. प्रेषितांनी (स.) बापाला बोलावून घेतलं आणि निर्णय मुलीच्या हाती दिला. तेव्हा मुलगी म्हणाली की बापाने केलेलं मला मान्य आहे, पण बायकांना या बाबतीत हक्क आहे की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. दादी घरी आली आणि नातीला म्हणाली, “तुझंही तसंच आहे ना? हक्क आहे की नाही तेवढंच बघायचंय ना?” मुलगी म्हणाली, “दादी, तसंच आहे. पण माझं उत्तर तिच्यासारखंच येईल असं धरून चालू नका.” दादीला ते आवडलं नाही, पण ती जेवायला बसली.

बकरी ईदला फुफी येईल की नाही, याची धाकधूक होती. दुपार झाली तरी आली नाही. गोश्तचे वाटे करून झाले, तिचा वाटा बाजूला ठेवला. असरच्या सुमारास भर पावसात ती रिक्षातून उतरली, सोबत डब्यात सांदणं. सगळ्यांना ईद मुबारक केलं. मग स्वयंपाकघरात मुलगी मसाला वाटत होती तिथे गेली. आम्ही मागे गेलो नाही. मुलीने नंतर सांगितलं की फुफीने तिला विचारलं, “माझ्या मुलासाठी तुला मागितलं तर तुला चालेल का? नाही म्हणालीस तरी मी तुझी फुफीच राहीन.” मुलीने सांगितलं, “शेवटच्या वर्षाची परीक्षा होऊ दे, मग सांगते. आणि एकदा त्यालाही विचारा. त्याला तरी कुणी विचारलंय?”

फुफीने त्याच रात्री कुवेतला फोन केला. काय बोलणं झालं ते तिने आम्हाला सांगितलेलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

हे लिहीपर्यंत मुलीचं उत्तर आलेलं नाही. ते काय यावं असं आम्हाला वाटतं, ते इथे लिहीत नाही, कारण हे छापलं की तीही वाचेल. जे येईल ते मान्य करायचं असं आम्ही ठरवलं आहे, अल्लाह आम्हाला तेवढी हिंमत देवो.

वाचक बंधू-भगिनींनो, ‘संग-ए-माह’ चांगली मालिका आहे की वाईट, याचा निकाल तुम्ही लावा. चाचांचा आक्षेप मनात धरून बघा, त्या पठाणाचं हसूही लक्षात ठेवा. सगळे पठाण असे नसतात आणि त्यांचे डोंगर आपल्या दिवाणखान्यापासून फार लांब आहेत. फक्त बघून झाल्यावर टीव्ही बंद कराल तेव्हा घरात एकदा आठवून पाहा, की आपल्या कुठल्या मुलीचं नाव लहानपणीच कुणाच्या नावाशी जोडून ठेवलंय. असलं, तर तिला विचारा. उत्तर हो येईल, नाही येईल किंवा आमच्यासारखं लांबेल. विचारल्यावर ती आमच्याकडे बघत राहिली होती, आणि वीस वर्षं आम्ही हे का केलं नाही, याचं उत्तर आम्हाला देता आलं नाही.